नानांचा कान आणि आमच्या गल्लीचं पाणी

नाना, परवा रविवारी तुमच्या शोकसभेत लोक हसले. आधी एक-दोघं, रुमाल तोंडावर धरून, आणि मग सगळेच. गणपती मंदिरामागच्या त्या छोट्या हॉलमध्ये तुमचा हार घातलेला फोटो होता, उदबत्ती होती, खाली सतरंजीवर अख्खी गल्ली बसली होती, आणि सगळे हसत होते. काकूसुद्धा. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "काय रे, मेलो मी आणि आनंद तुम्हाला?" पण तुम्हाला ते आवडलं असतं. त्या हसण्याचं कारण मी होतो. आणि ते कारण तुम्हाला सांगायचं चार वर्षं राहून गेलं.

तुम्ही कुठे शिकलात, कारखान्यात कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झालात, हे सगळं हॉलच्या दारातल्या फळ्यावर लिहिलं होतं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्या कानाबद्दल बोलायचं आहे.

गोविंदपुऱ्यातल्या कारखान्याच्या यंत्रांवर तुम्ही उभं आयुष्य कान लावलात. लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक चालू यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग ठीक आहे की पुढच्या महिन्यात बसणार आहे, हे तुम्ही सांगायचात. निवृत्तीनंतरही तिथले एक छोटे कारखानदार, जैनसाहेब, तुम्हाला न्यायला स्कूटर पाठवायचे. तुम्ही परत यायचात तेव्हा चालण्यात ऐट असायची. काकू म्हणायच्या, "आले, लोखंडाचे डॉक्टर आले."

आणि मी तुमच्या गल्लीतला, नऊ नंबरच्या घरातला, शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारा मास्तर. सार्वजनिक मालमत्तेची काळजी हा धडा मी वर्षातून चार तुकड्यांना शिकवतो.

शहराच्या निगमने, म्हणजे महापालिकेने, रोखे काढायचं ठरवलं, तेव्हा आपल्या नेहरू नगरात ते काय असतं हे कुणालाच कळत नव्हतं. गल्लीतल्या तिवारीजींना वाटलं लॉटरी आहे. तुम्ही मात्र पेपरातली सगळी कात्रणं जमवलीत, आणि त्या वर्षी गणेशोत्सवात पाककलेच्या स्पर्धेनंतर माईक हातात घेतलात. बायका मोदकांचे निकाल ऐकायला थांबल्या होत्या, त्यांना रोखे ऐकावे लागले.

"हे बघा," तुम्ही म्हणालात, "घर बांधायला आपण काय करतो? दर महिन्याला दहा विटा आणतो का? कर्ज काढतो, घर एकदम उभं करतो, आणि राहता राहता फेडतो. निगम आजवर दहा-दहा विटा आणत होता. एका वर्षी रस्ता करायचा, दुसऱ्या वर्षी नळासाठी तोच रस्ता फोडायचा, तिसऱ्या वर्षी गटारासाठी पुन्हा फोडायचा. आता बाजारातून एकदम पैसा उचलणार. नळ, गटार, रस्ता, ओळीने, एकदाच."

"और चुकाएगा कौन?" मागून तिवारीजी.

"आप! आणि मी. घरपट्टीतून, पाणीपट्टीतून. म्हणून तर ज्यांनी पैसा दिला ते निगमला विचारणार, वसुली किती, काम कुठवर आलं. हा पैसा नेमून दिलेला आहे. पाइपाचा पैसा पाइपातच जाणार, स्वागताच्या कमानीत नाही."

"सबनीससाहेब, मोदक का रिजल्ट?" शर्माभाभींनी विचारलं तेव्हा तुम्ही थांबलात.

त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, चेकबुक खिशात ठेवून रोखा विकत घ्यायला निगमच्या कचेरीत गेलात. दुपारी परत आलात ते थेट माझ्या ओट्यावर.

"म्हणे बँका आणि मोठ्या कंपन्याच घेऊ शकतात. एकेक रोखा एवढा मोठा, की माझं घर विकलं तरी पुरणार नाही. अविनाश, शहर माझं, नळ माझा, कोरडा पडतो तोही माझा, आणि उधार द्यायला मी नालायक?"

मी हसलो. तुम्ही नाही हसलात. चहा घेतलात, मग मात्र हसलात. म्हणालात, "कचेरीतल्या त्या पोरीने मला पाणी मात्र विचारलं. थंड होतं."

आपला वाद तिथून सुरू झाला आणि तो कधी संपलाच नाही. मला कर्जाचीच भीती. माझं म्हणणं होतं, आज आपण मजा करायची आणि माझ्या मुलीने वीस वर्षं फेडायचं, हा कुठला न्याय? तुम्ही माझ्याकडे असं बघायचात, जसं आवाज करणाऱ्या बेअरिंगकडे बघावं.

"तुझी मुलगी वीस वर्षं आंघोळ करणार नाही का?"

"करेल की."

"त्याच पाइपातून?"

"हो, पण..."

"मग तिने का फेडू नये? मी पंच्याहत्तरीचा माणूस. पन्नास वर्षं टिकणाऱ्या पाइपाचे सगळे पैसे माझ्याकडूनच काढणार? जो जितकं पाणी पिईल, त्याने तितकं द्यावं. तू मास्तर असून एवढं कळत नाही."

रात्रभर विचार करून सकाळी नवा मुद्दा घेऊन यायचो, आणि तुम्ही तो दोन मिनिटांत निकालात काढायचात. अजूनही माझ्याकडे दोन मुद्दे शिल्लक आहेत. त्यातला एक बरा आहे.

आता त्या सकाळींकडे येतो.

आपल्या गल्लीत अठरा घरं, तुमचं शेवटचं. कोलार धरणाचं पाणी पहाटे साडेपाचला यायचं, पाऊण तास. वरच्या घरांना बऱ्यापैकी, आणि तुमच्याकडे करंगळीएवढी धार. निगमच्या इंजिनिअर मॅडम पाहणीला आल्या. साधी गळती असेल तर दुरुस्ती करू, लाइनच खराब असेल तर रोख्यांच्या पैशातून पूर्ण बदलू, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात मोजायचं यंत्र घेऊन येते, म्हणाल्या. तुम्ही त्यांना थांबवलंत. "यंत्र कशाला? मी ऐकून सांगतो." त्या तुमच्या मुलीच्या वयाच्या. हसून म्हणाल्या, "अंकल, रिपोर्ट लिखकर दीजिएगा."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पहाटे कानटोपी घालून, पेचकस घेऊन निघालात. एक नंबरपासून एकेका फाटकाशी जायचं, आत येणाऱ्या पाइपावर पेचकस टेकवायचा, ऐकायचं, वहीत लिहायचं. कारखान्यात तुम्ही तपासणीला न सांगता जायचात, हे तुम्हीच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. पण ही शेजाऱ्यांची घरं. पहाटेची वेळ, बायामाणसं झोपेतून उठलेली. म्हणून तुम्ही प्रत्येक फाटकाच्या चार पावलं आधीच हाक मारायचात.

"अविनाश, येतोय हं! नळापाशी येतोय!"

नाना, आमच्या जिन्याखाली एक लाकडी खोकं होतं. त्यावर जुनी गोधडी टाकलेली असायची. तुम्ही एकदा त्यावर बसलाही होतात. त्या खोक्यात मोटर होती. सरळ नळाच्या लाइनला जोडलेली. पाणी आलं की मी बटण दाबायचो, आणि आमची गच्चीवरची टाकी वीस मिनिटांत भरायची. पुढच्या घरांच्या वाटणीचं पाणी ती ओढून घेते, हे मला ठाऊक होतं. गोधडी आवाजासाठी होती.

तुमची हाक आली की मी बटण बंद करायचो. तुम्ही पेचकस टेकवायचात, डोळे मिटायचात, आणि म्हणायचात, "फर्स्ट क्लास. तुझ्याकडे भरलेला पाइप वाहतोय." मी मान डोलवायचो. तुम्ही सगळी फाटकं संपवून आपल्या घरात शिरलात की बटण पुन्हा चालू.

सहा दिवस तुम्ही ऐकलंत. सतरा नंबरपर्यंत प्रत्येक फाटकाशी पाइप भरलेला, आणि स्वतःच्या घरी पोचलात की नळ कोरडा. तुमचा निष्कर्ष चोख होता, त्यात कुणालाही खोट काढता आली नसती. पाणी सतरा आणि अठराच्या मधे कुठेतरी जमिनीत जातंय. तुम्ही स्वतःच्या फाटकासमोर खडूने चौकोन आखलात. रिपोर्ट दिलात.

तीन दिवस खणलं. काकूंचा मोगरा गेला, फाटकाचा खांब कलला. खड्डा माणूसभर खोल झाला आणि खाली पाइप निघाला, जुना, गंजका, पण अखंड. आजूबाजूची माती कोरडी ठणठणीत. तुम्ही काठावर उकिडवे बसून त्या मातीकडे बघत होतात. इंजिनिअर मॅडम एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. पण 'गळती' म्हणून लिहून गेलेली आपली गल्ली पाइप बदलायच्या यादीत मागे पडली. मग यंत्र लावून मोजणी, नवा कागद, पुढचा टप्पा. तो उन्हाळा आपण टँकरवर काढला.

तिवारीजींनी खड्ड्याला नाव दिलं, "सबनीससाहेब का स्विमिंग पूल." टँकरच्या रांगेत लोक म्हणायचे, "सबनीस साहब, आज सुनकर बताइए, टँकर कब आएगा?" तुम्ही बादली घेऊन उभे असायचात आणि हसण्यात सामील व्हायचात. जरा जास्तच मोठ्याने.

ज्या दिवशी खड्डा बुजवला त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो. सांगायलाच आलो होतो. घरून निघताना वाक्य जुळवून घेतलं होतं. तुम्ही झोपाळ्यावर बसला होतात. मी बसलो, घसा साफ केला, आणि तुम्हीच आधी बोललात.

"अविनाश, अख्खी गल्ली हसली. तू एकटा हसला नाहीस. माझ्या लक्षात आहे ते."

काकूंनी आणलेले पोहे मी खाल्ले आणि घरी आलो. माझ्या बायकोने, माधवीने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणालो, "त्यांची तब्येत बरी नव्हती." तिने गोधडी काढून धुवायला टाकली आणि म्हणाली, "आजपासून हे खोकं झाकायचं नाही." मोटर आम्ही महिन्याभरात काढली. पण तुम्हाला सांगितलं नाही.

मग एक दिवस जैनसाहेबांची स्कूटर आली आणि तुम्ही ती परत पाठवलीत. "सांग त्यांना, कान गेला माझा." मी फाटकात उभा होतो. त्यानंतर ती स्कूटर आणखी दोनदा आली, मग यायची थांबली.

हे माझ्यामुळे तुमचं गेलं, स्वतःच्या कानावर विसंबणं. पाणी एका उन्हाळ्याचं गेलं, ते परत आलं. हे आलं नाही.

पण नाना, पाणी कसं परत आलं! तो दिवस आठवला की अजून उभारी येते. आपल्या गल्लीचा नंबर लागला तेव्हा निळे पाइप आले, आधी गटार झालं, मग नळ, मग मीटर, आणि सगळ्यात शेवटी रस्ता. तुम्ही रोज खुर्ची टाकून देखरेखीला. मुकादम तुम्हाला विचारल्याशिवाय बिडी पेटवत नव्हता. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा तुमच्या अंगणातल्या नळाची तोटी उघडीच राहिली होती, आणि धार थेट काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेली. काकू ओरडत होत्या आणि तुम्ही, "असू दे, असू दे, बघ तरी किती जोर आहे!" म्हणून पापड भिजू देत होतात. त्यानंतर महिनाभर तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी गच्चीवर नेलं जायचं, टाकी आपोआप कशी भरते ते बघायला. तुमचा मुलगा कोलार रोडला मोठ्या घरात बोलवत होता, त्याला तुम्ही फोनवर सांगितलंत, "तुमच्याकडे अजून टँकर येतो. तुम्हीच इकडे या आंघोळीला."

पाण्याने गल्लीत आणखी काय काय केलं, ते तुम्हीच मला दाखवलंत. मी तर फक्त पाइप बघत होतो. शर्माभाभी आता पहाटे उठत नाहीत, म्हणून संध्याकाळी त्यांच्या अंगात त्राण उरतं आणि त्या मुलींना गाणं शिकवतात. बारा आणि तेरा नंबरवाले नळावरून बोलत नव्हते, त्यांनी मधल्या भिंतीला दार पाडलं. रस्ता पुन्हा खणला जाणार नाही याची खात्री झाल्यावर लोकांनी घरापुढे झाडं लावली. टँकर उभा राहायचा त्या कोपऱ्यावर बाकं आली, आणि तुम्ही त्यातलं एक बळकावलंत. घरपट्टी न भरलेल्यांना तिथून जाताना मान खाली घालावी लागायची. "काय तिवारीजी, झाली का भरून? रोखेवाले विचारतायत मला." रोखेवाले तुम्हाला कशाला विचारतील! पण तिवारीजींनी भरली.

त्या बाकावर तुमच्याशेजारी मी किती संध्याकाळी बसलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज. आणि तुम्ही म्हणायचात, "हं, काढ तुझा मुद्दा." मी मुलीच्या कर्जाचा मुद्दा काढायचो. तो सोपा होता.

गेल्या महिन्यात तुम्ही झोपेत गेलात. छान गेलात, सगळे म्हणतात. मला मात्र आधी एवढंच वाटलं, की आता कुणाला सांगू.

म्हणून परवाच्या सभेत उभा राहिलो. माझ्याआधी तिवारीजी बोलले. त्यांनी स्विमिंग पूलची गोष्ट सांगितली, प्रेमाने सांगितली, लोक गालात हसले. "आदमी हीरा थे, बस उस दिन कान धोखा दे गया," ते म्हणाले. तेवढं ऐकलं आणि मला बसवेना. मी कागद लिहून आणला होता, तो खिशातच राहिला.

मी सांगितलं. जिन्याखालचं खोकं, गोधडी, तुमची हाक, माझं बटण. सगळं. म्हणालो, "नानांचा कान चुकला नाही. मी त्यांना चुकीचं ऐकवलं."

मी काकूंकडे बघू शकत नव्हतो, म्हणून चपलांच्या ढिगाकडे बघत राहिलो. तेवढ्यात तिवारीजी, जे नुकतेच बसले होते, ते पुन्हा हळूहळू उभे राहिले.

"मास्टरजी," ते म्हणाले, "मोटर तो हमारी भी थी."

"क्या?"

"हां भई. सबनीससाहेब आवाज देते थे ना, 'तिवारीजी, आ रहा हूं!' तो मेरी मिसेस दौड़कर बंद कर देती थी."

"झूठ मत बोलो," मिसेस तिवारी बसल्या जागेवरून, "तुम खुद दौड़ते थे. एक बार गिरे भी थे."

शर्माभाभींनी पदर तोंडावर घेतला. "हमारी बाथरूम में थी," त्या पदरातून म्हणाल्या. मग बारा नंबर. मग तेरा नंबर. बारा नंबरवाला तेराला म्हणाला, "तेरे यहां थी? और मुझसे इतने साल लड़ता रहा?" आणि मग हसण्याला धरबंध राहिला नाही. नाना, हे माझ्या डोक्यात इतकी वर्षं कधी आलंच नाही. माझ्या एकट्याच्या मोटरने शेवटचा नळ पार कोरडा कसा पडला असता? तुमची हाक पुढे सरकायची तशी घराघरातली बटणं बंद होत जायची, आणि तुम्ही आपल्या घरात शिरलात की सगळी एकदम चालू. तुम्ही सभ्य माणूस, म्हणून फसलात.

मागच्या रांगेत जैनसाहेब होते. ते हसत नव्हते. "चार साल," ते म्हणाले, "चार साल मैं नए-नए लड़कों से बेअरिंग सुनवाता रहा. दो मशीनें बैठ गईं मेरी. और उनका कान ठीक था?" मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

सभा संपल्यावर मी काकूंपाशी गेलो. हसून त्यांचे डोळे ओले झाले होते, की आधीचेच होते, कळलं नाही. मी वाकलो. त्यांनी पाया पडू दिलं नाही, दंड धरून समोर बसवलं.

"हे त्यांना सांगायला हवं होतंस रे."

"हो, काकू."

"मी माफ-बिफ काही करणार नाही. ते त्यांचं काम होतं." मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. खड्ड्यानंतर तुम्ही गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे गेला होतात. एकदा नाही, दोनदा, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. दोघांनीही तपासून सांगितलं, की या वयात असा कान आम्ही पाहिला नाही. काकूंना केवढा आनंद झाला होता. पण तुम्ही रिपोर्टची घडी घातलीत, कपाटात ठेवलात, आणि म्हणालात, "डॉक्टरचं मशीन चुकू शकतं, मालू. खड्डा चुकत नाही."

नाना, खड्डा चुकला होता.